साळवींच्या टाकीतलं शेवाळ

विषय : कार्यालयाच्या दर्शनी दालनातील खाऱ्या पाण्याच्या टाकीत वारंवार होणारी शेवाळाची वाढ व तदनुषंगिक बाबी.
संदर्भ : निवृत्त कर्मचाऱ्यांची रविवार सकाळची बैठक, महाराजबागेतला बाक.

उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, आमच्या कचेरीचे किस्से आम्ही कोणी मुद्दाम जमवलेले नाहीत. ते टाकीतल्या शेवाळासारखे आपले आपण वाढले. एकदा खरवडून टाकले की वाटतं, संपलं. पुढच्या रविवारी पाहावं तर कोपऱ्यात पुन्हा हिरवं दिसतंच. दुसऱ्या कचेऱ्यांतले लोक आपले किस्से सांगून हसतात. आम्हीही हसतो, पण मग आमच्यातला कोणीतरी चहाच्या पेल्यात पाहायला लागतो आणि बाकीचे विषय बदलतात.

आमची कचेरी गोड्या पाण्यातल्या मासळीची. तलाव, रोहू, कटला, मच्छीमारांच्या सोसायट्या आणि त्यांची भांडणं, एवढाच आमचा पसारा. समुद्राशी आमचा संबंध रजेचा प्रवासभत्ता मिळाला तर. पण दर डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी अख्खं सरकार मुंबईहून नागपूरला येतं. सत्तरच्या दशकात एका वर्षी कोणाच्या तरी मनात आलं की या निमित्ताने विदर्भातल्या जनतेला समुद्रही दाखवावा. मग मुंबईच्या मुख्य कार्यालयातून एक मोठी काचेची टाकी आली, कॅनमधून समुद्राचं पाणी आलं, पट्ट्यापट्ट्यांचे मासे आले, गोगलगायी आल्या, शंखात राहणारे खेकडे आले आणि हे सगळं सांभाळायला साळवी आले.

अधिवेशन संपलं. सरकार परत गेलं. टाकी परत नेण्याची मंजुरी घ्यायची मात्र राहून गेली होती. मुंबईला विचारलं, तर उत्तर आलं : 'टाकी ज्या स्वच्छ व सुस्थितीत देण्यात आली त्याच स्थितीत परत घेण्यात येईल. तोपर्यंत श्री. साळवी यांनी टाकीसोबत राहावे.'

म्हणजे पाणी स्वच्छ असलं की साळवी घरी जाणार. साळवींची बायको गिरगावात, पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं. साळवी म्हणाले, "महिन्याभरात निघतो मी." तेव्हा पाणी तसं स्वच्छच होतं. काचेवर आणि वाळूवर फक्त जरासा तपकिरी थर दिसत होता.

* * *

सुखदेव आमचा शिपाई. पितळी घंटेपासून साहेबांच्या नावाच्या पाटीपर्यंत सगळं घासून लखलखीत ठेवणं हा त्याचा धर्म. वाळूवरचा तपकिरी मळ त्याला बघवेना. साळवींनी त्याला समजावलं, "नव्या जागी असं होतं. वाळूत चांगले जंतू असतात, तेच घाण खातात. थोडं थांबायचं. वाळूला हात लावायचा नाही."

"जंतू चांगले बी असतात काय, साहेब?"

"असतात ना."

"मंग ते फवारणीवाले काहून फिरून राहिले घरोघरी?"

याचं उत्तर साळवींकडे होतं, पण ते लांबलचक होतं, आणि त्यांना बायकोला ट्रंक कॉल लावायला जायचं होतं. तो रविवार त्यांनी तार कचेरीच्या बाकावर काढला. इकडे सुखदेवाने मासे बादलीत काढले, वाळू उपसली, धुण्याच्या सोड्यात उकळली, अंगणात चादरीवर वाळवली आणि चाळून परत घातली. सोमवारी वाळू रव्यासारखी पांढरीशुभ्र होती. आम्ही सर्वांनी त्याचं कौतुक केलं.

आठवडा सरायच्या आत पाणी गढूळ झालं आणि दोन मासे उलटे तरंगू लागले. साळवींनी वाळू हातात घेऊन पाहिली, वास घेतला आणि म्हणाले, "जंतू मेले."

"सारे मेले, साहेब," सुखदेव म्हणाला. "एकबी नाही ठेवला."

* * *

साळवींनी पुन्हा मुंबईहून पाणी मागवलं, नव्या वाळूत पुन्हा जंतू वाढवले. पाणी नितळत आलं आणि त्याच सुमाराला तार आली, मुलगी झाली. साळवींनी मूळ जागी परत जाण्याचा अर्ज लिहिला, तो माझ्याकडे दिला, कारण आस्थापनेचं टेबल माझं. मग सीताबर्डीवरून पेढे आणले, ते माझ्याच टेबलावर ठेवले आणि तारेला उत्तर द्यायला गेले.

आता आमच्या कचेरीची एक रीत सांगायला हवी. गोडधोड आलं की पहिला घास दारातल्या गाईला द्यायचा. टाकी आल्यापासून गाईपर्यंत जायचा सगळ्यांनाच कंटाळा येऊ लागला होता. आमचे बडेबाबू ढोबळे, म्हणजे हेडक्लार्क, माणूस प्रेमळ. ते म्हणाले, "मुलगी साळवीसाहेबाले झाली, मंग पयला घास साळवीसाहेबाच्या माशाईले नको?" आणि त्यांनी पेढ्याचा बारीकसा कण पाण्यात सोडला. पुढे ज्याने त्याने, इतरांचं लक्ष नाही असं पाहून, आपापला कण सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीत खव्याचं पुन्हा दूध झालेलं होतं. आतले मासे दिसत नव्हते.

साळवींनी विचारलं, "कोणी घातलं?"

सगळ्यांनी आपापल्या फायली उघडल्या. शेवटी बडेबाबू म्हणाले, "येवढ्याशा कणानं काय होते जी?"

"कोणाच्या कणाने?"

बडेबाबूंना तेवढ्यात फोन आला. म्हणजे वाजला नव्हता, पण ते घ्यायला गेले.

साळवी रागावले नाहीत. मुलांना शिकवावं तसं त्यांनी आम्हाला सांगितलं की माशांनी खाल्लं नाही ते कुजतं, कुजल्यावर जंतू बेसुमार वाढतात, पाणी पांढरं होतं, आणि त्या कुजक्यावरच पुढे शेवाळ पोसतं. आम्ही माना डोलावल्या. त्यांच्या अर्जावर आमच्या उपसंचालकांनी, म्हणजे मोठ्या साहेबांनी, शेरा मारला : 'टाकी स्वच्छ झाल्यावर विचार करावा.' बारशासाठी मागितलेली रजाही त्याच कारणाने नाकारली.

बारसं साळवींशिवाय झालं. मुलीचं नाव शुभा ठेवल्याचं पत्राने कळलं. त्याचे पेढे त्यांनी वाटले नाहीत.

* * *

साळवींनी सांगितल्याप्रमाणे मग शेवाळ आलं. काचेवर, दगडांवर, पंपाच्या नळीवर, सगळीकडे हिरवं. त्यात टाकी ठेवलेली दक्षिणेच्या खिडकीसमोर, पाहुण्यांना नीट दिसावी म्हणून. साळवी म्हणाले, "ऊन तोडलं की निम्मं शेवाळ आपोआप जाईल. टाकी आतल्या भिंतीला न्या." पण विजेचं बटण खिडकीपाशी होतं, आणि बटण हलवणं हा बांधकाम खात्याचा अधिकार. तेव्हा साळवींनी पदरचा एक जाड पडदा खिडकीला लावला. शेवाळ खरोखरच ओसरू लागलं.

मग नागपूरचा मे महिना आला. मोठ्या साहेबांच्या खोलीत दुपारचं ऊन येत होतं. बडेबाबूंनी पडदा तिकडे हलवला आणि साळवींना म्हणाले, "तात्पुरता आहे जी. पाऊस आला का देतो वापस."

साळवींनी आपली अंथरुणावरची चादर आणून लावली. धोब्याकडे चादर जायची त्या दिवशी ते स्वतःची लुंगी लावत. दोन टोकं खिळ्यांना बांधलेली, खाली मासे. आठ दिवसांनी मोठ्या साहेबांचं परिपत्रक निघालं की, दर्शनी दालनात कर्मचाऱ्यांनी कपडे वाळत घालू नयेत.

परिपत्रक वाचल्याची सही सर्वांची घ्यायची होती. मी कागद घेऊन साळवींकडे गेलो. त्यांनी सही केली, लुंगीची घडी घातली आणि मला विचारलं, "गजभिये, तुमच्या गावात लोक चांगले आहेत. मग असं का होतं?"

मी नागपूरचा. मला उत्तर द्यायला हवं होतं. मी सही तपासत राहिलो.

* * *

पेढ्याचा कण बडेबाबूंच्या मनाला लागून राहिला होता हे मात्र खरं. त्यांची कळमेश्वरकडे संत्र्याची बाग. संत्र्याच्या खोडाला बुरशी लागली की तिकडे मोरचूद आणि चुना लावतात. बडेबाबूंनी विचार केला की हिरवं ते हिरवं, झाडावरचं काय न् काचेवरचं काय. एका सोमवारी ते रुमालाच्या गाठीत मोरचूद घेऊन आले आणि साळवी जेवायला गेलेले असताना दोन चिमटी टाकीत सोडून, हात धुऊन, जागेवर येऊन बसले.

तीन-चार दिवसांत शेवाळ सुटून तळाला पडलं. काच आरशासारखी झाली. बडेबाबूंना राहवेना, त्यांनी सगळ्या कचेरीला बोलावून दाखवलं. "आता सांगा. पाठवा म्हणा साळवीसाहेबाले घरी."

सगळे आनंदले. साळवीही क्षणभर हसले. मग ते गुडघ्यावर बसले आणि खालच्या काचेतून पाहू लागले. गोगलगायी उलट्या पडल्या होत्या. शंखातले खेकडे अर्धे बाहेर येऊन तसेच राहिले होते.

"काय टाकलंत?"

"मोरचूद. जास्त नाही, दोन चिमटी."

"माशांना एवढं चाललं. या बाकीच्यांना नाही चालत."

"पण शेवाळ तर गेलं ना, साहेब?"

"गेलं," साळवी म्हणाले. "आणि शेवाळ खाणारेही गेले."

त्या मोरचुदापायी सगळं पाणी बदलावं लागलं. शिवाय टाकी दिल्याच स्थितीत परत करायची, म्हणजे गोगलगायी आणि खेकडेही दिले तितके हवेत. त्यांचं मागणीपत्र मुंबईला गेलं. नवे जीव येईपर्यंत शेवाळाला खाणारं कोणी उरलं नाही. त्याच आठवड्यात घरचं पत्र आलं, शुभा रांगायला लागली.

* * *

पुढल्या अधिवेशनाच्या आधी तळाला नवंच काहीतरी दिसू लागलं. गडद तांबडं, बुळबुळीत, वाळूवर पसरत जाणारं. साळवी म्हणाले, हे सगळ्यांत वाईट, याला वासही येतो. रबरी नळीने ओढून काढायला हवं. ते नळी घेऊन उभे राहिले तोच निरोप आला की मंत्रिमहोदय भेट देणार आहेत, कोणीही काही हलवू नये.

मंत्रिमहोदय आले. टाकीपुढे थांबले. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं.

"वा, मखमल अंथरलीय. फार राजेशाही."

"साहेब, आपल्यासाठीच," मोठे साहेब म्हणाले.

साळवींनी तोंड उघडलं. मोठ्या साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. साळवींनी तोंड मिटलं. मंत्रिमहोदयांच्या मागे आम्ही ओळीने उभे होतो. ती मखमल नसून सडलेल्या अन्नावर वाढलेली घाण आहे, हे आतापर्यंत आम्हाला सर्वांना तोंडपाठ झालं होतं. आम्ही सर्वांनी मखमलीकडे कौतुकाने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी लेखी आदेश आला : 'मा. मंत्रिमहोदयांनी प्रशंसा केलेले लाल आच्छादन सुस्थितीत ठेवावे.' जे काढल्याशिवाय साळवींना घरी जाता येणार नव्हतं, तेच सांभाळण्याचा हुकूम त्यांच्यावर निघाला. आमच्या कचेरीत आदेशाबरहुकूम वाढलेली तेवढी ती एकच गोष्ट. होळीपर्यंत ती निम्म्या काचेवर चढली. दालनात नाकाला रुमाल लावून बसावं लागे. शेवटी साळवींनी आपल्या जबाबदारीवर ती ओढून काढली, आणि त्यांच्याकडून खुलासा मागवण्यात आला.

तो खुलासा मागवणारं पत्र मीच टाइप केलं. त्यात एकही चूक नव्हती.

* * *

वर्षं जात राहिली. टाकीवर पाटी लागली होती, 'माशांना खाऊ घालू नये'. पाटी पाहुण्यांसाठी आहे यावर आमचं सर्वांचं एकमत होतं. आम्ही घरचेच. डब्यातला भाताचा दाणा, पोह्याचा चुरा, बिस्किटाचा तुकडा, जाता येता प्रत्येकाचा हात एकदा टाकीवर जायचाच. मासे काचेशी गर्दी करायचे. माणसाला कोणी ओळखतं असं वाटणं कचेरीत दुर्मिळ असतं. प्रत्येकाला वाटे, मी एकटाच घालतो, आणि मी घालतो तो फार थोडा.

एका दिवाळीच्या सुटीत साळवींची बायको मुलीला घेऊन आली. शुभा आता फ्रॉक घालून सगळीकडे धावत होती. ती वडिलांना 'नागपूरचे बाबा' म्हणे. पहिल्यांदा आम्ही हसलो. मग लक्षात आलं की तिला दुसरे बाबा नाहीत.

साळवींनी तिला टाकीसमोर स्टुलावर उभं केलं. तिने हातातलं बिस्किट पुढे केलं. साळवी म्हणाले, "नको हं. जास्त झालं की ते आजारी पडतात, पाणी घाण होतं. मग मला घरी यायला मिळत नाही."

शुभाने बिस्किट मागे घेतलं. साळवी पंप बघायला आत गेले. ती स्टुलावरून हलेना.

मधली सुटी झाली. बडेबाबू नेहमीसारखे डबा उघडा धरून आले. बोटांच्या चिमटीत पोहे. हात टाकीवर गेलेला.

"नका घालू," शुभा म्हणाली. "पाणी घाण झालं की बाबा घरी येत नाहीत."

बडेबाबू थांबले. त्यांच्या मागे सुखदेव होता, त्याच्या हातात भाताचे दाणे होते. सुखदेवाच्या मागे मी होतो.

"नाही वं बाई," बडेबाबू म्हणाले. "तुले दाखवाले आणले होते." आणि त्यांनी ते पोहे स्वतः खाल्ले.

सुखदेवाने मूठ मिटली. मी पाणी प्यायला आलो होतो असं दाखवलं आणि पाणी प्यालो. तहान नव्हती.

* * *

त्या दिवसापासून टाकीत कोणाचाही कण गेला नाही. तसा आदेश निघाला नाही, ठराव झाला नाही. बडेबाबूंनी मोठ्या साहेबांच्या खिडकीचा पडदा काढून परत टाकीच्या खिडकीला लावला. मोठ्या साहेबांनी विचारलं तर म्हणाले, "धुवायले टाकला जी." पडदा वर्षभर धुवायलाच होता. सुखदेव पाहुण्यांच्या मुलांमागे उभा राहून त्यांच्या खिशांवर लक्ष ठेवी. साळवी रोज मोजकं खाद्य घालत, ठरल्या दिवशी थोडं पाणी बदलत, बाकी काही करत नसत. आधीपासून ते एवढंच मागत होते.

शेवाळ आधी थांबलं, मग ओसरलं. पुढल्या डिसेंबरापर्यंत पाणी इतकं नितळ झालं की एका आमदारांनी विचारलं, "यात पाणी कधी भरणार?"

साळवींनी मुंबईला कळवलं, टाकी दिल्या स्थितीत आहे. पाहणी करून ताब्यात घ्यायला मुंबईचे संचालक स्वतः अधिवेशनाच्या वेळी येणार असं ठरलं. साळवींनी खोली सोडली. त्यांचा होल्डॉल बांधून माझ्या टेबलाखाली आणून ठेवला. शुभाला पत्र गेलं होतं.

संचालक आले. टाकीभोवती एक फेरी मारली. खाली वाकून वाळू पाहिली, वरून पाणी पाहिलं, वास घेतला.

"साळवी, इतकी स्वच्छ टाकी मुंबईत आपल्याकडे एकही नाही."

"होय, सर."

"समुद्र नसताना तुम्ही हे करून दाखवलंत. मुंबईला काय, समुद्र दारात आहे. तिथे कोणीही करील." मग ते मोठ्या साहेबांकडे वळले. "ही टाकी इथेच राहू द्या. आणि यांना आणखी एक द्या. मोठी."

मोठे साहेब म्हणाले, "आम्ही आभारी आहोत." टाळ्या वाजल्या. आमच्यातल्याही काहींनी वाजवल्या, कारण संचालक आमच्याकडे पाहत होते.

साळवी माझ्या टेबलापाशी आले. होल्डॉल ओढून बाहेर काढला आणि त्याच्यावरच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आलो तेव्हा बडेबाबू आधीच आले होते. टाकीसमोर उभे राहून त्यांनी आपला डबा उघडला, उलटा धरला आणि सगळेच्या सगळे पोहे, कांद्यासकट, पाण्यात ओतले.

"बडेबाबू, हे काय?" मी म्हणालो.

"होऊ दे घाण," बडेबाबू म्हणाले. "घाण झाली म्हंजे म्हणतीन, हा माणूस काही कामाचा नाही, न्या याले वापस."

साळवी मागून आले. भिंतीवरची छोटी जाळी काढली, बाह्या वर सारल्या आणि पाण्यातला एकेक पोहा वेचून बाहेर काढायला लागले. थोड्या वेळाने बडेबाबूंनी जाळीखाली बादली धरली.

नवी टाकी पुढे आली. तीही स्वच्छ आहे. मी निवृत्त झालो तेव्हा शुभा हायस्कुलात गेली होती. श्री. साळवी यांचा मूळ जागी परत जाण्याचा अर्ज स्मरणपत्रांसह वरिष्ठ कार्यालयाकडे विचाराधीन आहे.